आधी गल्ली, मग व्यासपीठ: सोलापुरात विद्यार्थ्यांची सेवा-परिषद कशी भरवाल?

कॉलेजातल्या परिषदेचा साचा आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ आणि मग ‘जागतिक तापमानवाढ आणि युवकांची जबाबदारी’ यावर पाऊण तास भाषण. मागच्या रांगा मोबाइलमध्ये, पुढच्या रांगा हजेरीसाठी. चार वाजता प्रमाणपत्रं, ग्रुप फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात तीन कॉलमी बातमी. महिनाभराने त्याच मुलांना विषय काय होता विचारलं तर बॅनर आठवतो.

समाजसेवा आणि जगाचे प्रश्न हे दोन्ही एकत्र घेऊन परिषद करायची असेल तर क्रम उलटा लावा. मुलांनी दोन-अडीच महिने वस्तीत काहीतरी करायचं, मोजायचं, विचारायचं आणि मग त्यावर बोलायला उभं राहायचं. ज्या गटाने काम केलं नाही, त्याला व्यासपीठ नाही. हा एक नियम पाळलात तर बाकीच्या गोष्टी थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी चालतात. खालचा आराखडा अंदाजे २०० विद्यार्थी, दोन दिवस आणि तयारीचे १४ आठवडे धरून केला आहे. तुमची शाळा लहान असेल तर ६० मुलं आणि एक दिवस करा, क्रम तोच ठेवा.

तारीख

सोलापुरात जानेवारीत परिषद ठेवायचा मोह होतो, कारण हवा चांगली असते. पण संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. निम्मी मुलं बाराबंदी (यात्रेचा पांढरा पोशाख) घालून नंदीध्वजाच्या काठ्यांबरोबर, उरलेली होम मैदानावरच्या जत्रेत. त्यानंतर शाळांची गॅदरिंग, मग बारावीची प्रात्यक्षिकं. मार्चनंतर ऊनच बोलू देत नाही. दिवाळीच्या मागेपुढे विद्यापीठाच्या परीक्षा. मग उरतं काय?

उरतो पितृपक्ष. गणपती झालेले असतात, नवरात्र यायचं असतं आणि सभागृहं रिकामी असतात, कारण लग्न-मुंज नसते. मंडपवाला, साउंडवाला, आचारी सगळे फोन उचलतात आणि दरही नीट बोलतात. समितीत कोणीतरी ‘पितृपक्षात उद्घाटन नको’ म्हणणारच. त्यांना सांगा, उद्घाटन करतच नाही, सरळ कामाला बसतो. जूनच्या मध्यावर शाळा-कॉलेजं सुरू होतात, तिथून १४ आठवडे मोजले की तुम्ही बरोबर सप्टेंबरअखेरीस येता. फक्त सप्टेंबरात सोलापुरात पाऊस असतो, तेव्हा मैदानात मंडप घालायच्या फंदात पडू नका. आणि तारीख पक्की करण्याआधी विद्यापीठाचं आणि सहभागी शाळांच्या चाचणीचं वेळापत्रक एकदा समोर ठेवा.

विषय असा निवडा की त्याला पत्ता असेल

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली, २०३० ही मुदत घातली. ती सगळीच्या सगळी फ्लेक्सवर छापून लावण्यात अर्थ नाही. तीन घ्या, फार तर चार. निवडताना एकच कसोटी लावा: या प्रश्नाचा सोलापुरातला पत्ता सांगता येतो का? रिक्षावाल्याला सांगून तिथे पोहोचता येतं का? सोलापूरकरांना या बाबतीत शोधाशोध करावी लागत नाही.

पाणी घ्या. उजनी धरण भरलं की आपण सगळे व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो, पण शहरातल्या नळाला पाणी काही दिवसांआडच येत आलंय. जागतिक पातळीवर पिण्याच्या पाण्याची मोजणी होते, तेव्हा ‘सुरक्षित व्यवस्था’ म्हणायला तीन अटी असतात: पाणी घराच्या आवारात हवं, गरज असेल तेव्हा हवं आणि दूषित नसावं. घरात नळ असलेलं कुटुंब पहिली अट पार करतं आणि दुसरीवर अडखळतं. नववीतली मुलगीसुद्धा आपल्या गल्लीतल्या २५ घरांना विचारून हे मांडू शकते. पाणी किती दिवसांनी आलं, किती वाजता, किती वेळ, कोणी भरलं, त्या दिवशी कोणाची शाळा किंवा रोजगार बुडाला. हे पाच प्रश्न पुरे. त्यातला ‘कोणी भरलं’ हा प्रश्न विसरू देऊ नका, तिथेच सगळं कळतं.

काम हा दुसरा विषय, आणि माझ्या मते सोलापुरासाठी सर्वांत भारी. शहराच्या पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, कात्रीने मापात कापलेलं तेंदूचं पान, दोऱ्याचा वेढा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. आता याची दुसरी बाजू बघा. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा करार २००५ पासून लागू आहे, भारत त्यात सामील आहे. त्या कराराचं १७ वं कलम म्हणतं की तंबाखूवर पोट असलेल्या कामगारांना आणि शेतकऱ्यांना परवडणारा पर्याय मिळावा यासाठी सरकारांनी प्रयत्न करावेत. म्हणजे जिनिव्हात ज्यावर चर्चा होते तो माणूस आपल्या पुढच्या चौकात राहतो. विडीने आजार होतो हेही खरं आणि विडीवर मुलींची फी भरली जाते हेही खरं. दोन्ही खरं असताना काय करायचं, हा प्रश्न मुलांपुढे ठेवा. वादविवाद स्पर्धेतल्या पक्ष-विपक्षाने तो सुटत नाही आणि म्हणूनच तो परिषदेच्या लायकीचा आहे. विषयाला घराचा पदर जोडायचा असेल तर कुंभारीला जा. गोदूताई परुळेकर वसाहतीतली विडी कामगारांची घरं आणि जानेवारी २०२४ मध्ये पहिली १५,००० घरं ताब्यात दिली गेलेली रे नगर ही कामगारांची वसाहत, दोन्ही तिथेच आहेत. घर मिळालं, पण तिथून शाळा, दवाखाना, रोजचं काम किती लांब, एवढंच विचारून या.

तिसरा विषय माळरान. बार्शी रस्त्यावर नान्नजला १९७९ पासून माळढोक अभयारण्य आहे आणि हा पक्षी जगभरच्या यादीत ‘अतिधोक्यात’ या वर्गात आहे. इथे एक सावधगिरी. सेवा म्हटलं की आपल्याकडे हात आधी रोपाकडे जातो. पण माळढोकाला मोकळं गवताळ रान लागतं. माळावर झाडं लावणं ही सेवा नसून त्याचं घर मोडणं आहे. सगळीकडे हिरवं केलं की निसर्ग वाचतो, ही समजूत मुलांच्या डोक्यातून काढायला नान्नजची एक सहल पुरते. अर्थात वनविभागाची रीतसर परवानगी घेऊन, आणि पक्षी दिसेलच असं कबूल न करता.

चौथा हवाच असेल तर आरोग्य. त्याला सोलापुराइतका मोठा धागा क्वचितच कुठे मिळेल. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये याच गावात जन्मले. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते गेले आणि युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करत तिथेच राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी ते तिकडेच वारले. त्यांच्या घराचं स्मारक शहरात आहे. तरीही सोलापुरातल्या कितीतरी मुलांनी ते आतून पाहिलेलं नसतं.

इंग्रजी शाळांतून हल्ली ‘मॉडेल युनायटेड नेशन्स’ची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सभेची नक्कल करण्याची, फॅशन आहे. मुलं कोट घालून नॉर्वे किंवा केनियाच्या वतीने बोलतात. इंग्रजी सुधारतं, धीटपणा येतो, त्याला माझा विरोध नाही. पण ज्याला आपल्याच वॉर्डातली पाण्याची टाकी कुठे आहे ते माहीत नाही, त्याने नॉर्वेचं धोरण मांडावं यात थोडी गंमत आहेच.

जून ते सप्टेंबर: प्रत्यक्ष काम

पहिले दोन आठवडे फक्त माणसं जमवण्यात घाला. मुख्य समिती सात-आठ विद्यार्थ्यांची, बरोबर दोन शिक्षक. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव अशी पदं वाटत बसू नका. हिशेब, वस्त्यांशी संपर्क, शाळा-कॉलेजांशी संपर्क, जेवण-जागा, नोंदी अशी कामं वाटा आणि त्या कामापुढे नाव लिहा. समितीत पूर्व भागातली तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी, उर्दू शाळेतली मुलं असलीच पाहिजेत. ती नंतर ‘दुभाषी’ म्हणून बोलावण्यात मजा नाही. सुरुवातीपासून निर्णयात हवीत.

तिसऱ्या आठवड्यात शाळा-कॉलेजांना पत्रं जातात. शहराबाहेरच्या तालुक्यांनाही लिहा. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, सांगोला, मंगळवेढा इथली मुलं आली की ऊस, स्थलांतर, वारीतली स्वच्छता असे विषय आपोआप येतात. पत्रात स्पष्ट लिहा: प्रत्येक संस्थेतून पाच ते आठ जणांचा एक गट, एक वस्ती किंवा गाव, एक प्रश्न आणि किमान आठ आठवडे काम. मुलांना वेळ काढायला कारण द्या. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरायचे असतातच. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटलाही श्रेयांक आहेत. कार्यक्रम अधिकाऱ्यांशी आधीच बोलून हे तास त्यात धरून घ्या.

चौथ्या आठवड्यात एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवा. त्यात जगाचे प्रश्न शिकवू नका, दारात उभं कसं राहायचं ते शिकवा. विड्या वळणाऱ्या बाईकडे मुलं गेली की पहिला प्रश्न बहुतेक ‘तुमची समस्या काय?’ असा असतो. त्यावर उत्तर येतं, ‘काय सांगायचं बाळा’, आणि संवाद संपतो. त्याऐवजी ‘आत्या, हजार विड्यांना किती वेळ लागतो?’ असं विचारा. मग ती पान चांगलं नसलं तर काय होतं, तपासणीत किती बाद होतात, बाद झालेल्यांचे पैसे कोणाच्या अंगावर पडतात, मान कधी धरते, सगळं सांगते. वर, तुलाच एक वळायला बसवते. विद्यार्थ्याची पहिली विडी सुटून पडते तेव्हा जे शिक्षण होतं ते स्लाइडने होत नाही.

काही गोष्टी दारात जाण्याआधी ठरलेल्या असाव्यात. दोघांपेक्षा कमी आणि चौघांपेक्षा जास्त मुलं एका घरी जायची नाहीत. पाण्याच्या दिवशी, स्वयंपाकाच्या वेळी जायचं नाही. फोटो विचारल्याशिवाय नाही, लहान मुलांचे तर नाहीच. नाव वहीत न लिहिता घर क्रमांक एक, दोन असं लिहा. आणि सर्वांत महत्त्वाचं, कसलंही आश्वासन द्यायचं नाही. ‘आम्ही साहेबांना सांगू’ हे वाक्य मुलांच्या तोंडून फार सहज निघतं आणि पुढच्या खेपेला त्याच दारात उत्तर द्यावं लागतं.

सर्व्हेच्या बरोबर सेवाही हवी, नाहीतर वस्तीला आपण फक्त नमुना म्हणून वापरतो. ती लहान असू दे, पण नियमित हवी. दर शनिवारी दोन तास चौथी-पाचवीच्या मुलांचं वाचन घ्या. कल्याणकारी योजनांचे अर्ज भरून द्या. यंत्रमागावर काम करणाऱ्यांची कान आणि छातीची तपासणी एखाद्या रुग्णालयाच्या मदतीने घडवून आणा. एकदाच जाऊन झाडू मारून फोटो काढणं यात धरू नका.

पैसे

दोन दिवसांच्या परिषदेत सर्वांत मोठा आकडा जेवणाचा असतो, त्याखालोखाल बाहेरगावच्या मुलांचा प्रवास. या दोन गोष्टींना हात न लावता बाकी सगळं कापता येतं. फ्लेक्स एक पुरे. फोल्डर, पेन, बॅज यांची कोणाला गरज नसते. सत्कार करायचेच असतील तर शाल-मोमेंटोऐवजी इथल्याच मागावरचा टॉवेल द्या, निदान वापरला जाईल. मुलांकडून नाममात्र शुल्क घ्या, म्हणजे नावं देऊन न येणारे कमी होतात. ज्याला जमत नाही त्याला ते गुपचूप माफ करा.

एका रकान्यात मात्र हात आखडू नका. परिषदेत बोलायला येणारी विडी कामगार, यंत्रमाग कामगार, नळाचे व्हॉल्व्ह सोडणारा चावीवाला, यांची त्या दिवसाची मजुरी बुडते. प्राध्यापक पाहुण्याला मानधनाचं पाकीट आणि कामगार बाईला फक्त गुलाबपुष्प, हे बघवत नाही. तिच्या बुडालेल्या रोजापेक्षा थोडी जास्त रक्कम, रिक्षाभाडं वेगळं आणि हे बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेलं.

प्रायोजक शोधताना तंबाखूजन्य पदार्थांच्या कंपन्यांकडे वळू नका, २००३ च्या कायद्याने तसलं प्रायोजकत्व बंदच आहे. स्थानिक कारखानदार, चादर-टॉवेलवाले, माजी विद्यार्थी, रोटरी-लायन्ससारखे क्लब पुष्कळ आहेत. पैशाऐवजी वस्तू मागितली की लवकर मिळते: एकाकडून धान्य, दुसऱ्याकडून बस, तिसऱ्याकडून छपाई.

ते दोन दिवस

हुतात्मा स्मृती मंदिर किंवा फडकुले सभागृह दोन्ही दिवस घेऊ नका. खर्च तर होतोच, शिवाय मोठ्या सभागृहात मूल बोलत नाही. गटांच्या बैठका कॉलेजच्या वर्गांत घ्या आणि शेवटच्या खुल्या सत्रापुरतं सभागृह घ्या.

पहिल्या दिवशी सकाळी व्यासपीठावर दिवा लावण्याऐवजी सगळ्यांना कोटणीस स्मारकापर्यंत चालत न्या. तिथे एका विद्यार्थ्याने पाच मिनिटं बोलावं आणि परत यावं. २०० मुलं रस्त्याने जाणार म्हणजे जवळच्या पोलीस ठाण्याला आणि वाहतूक शाखेला आधी पत्र हवं, स्मारकालाही वेळ विचारून ठेवायला हवी. एवढ्यांना एकदम आत जागा होणार नाही, तुकड्या करा.

साडेदहापासून समांतर बैठका. एका वर्गात ३० ते ३५ जण, एका बैठकीत दोनच गट. मांडणीला १२ मिनिटं, प्रश्नांना १८. हे प्रमाण उलट झालं की पुन्हा भाषणं सुरू होतात, म्हणून घड्याळ हातात असलेली एक खमकी मुलगी दारापाशी बसवा. प्रत्येक गटाने मांडणीत चारच गोष्टी सांगायच्या: आम्ही कुठे गेलो, काय केलं, काय मोजलं आणि हाच प्रश्न जगात आणखी कुठे आहे व तिथे लोकांनी काय करून पाहिलं. शेवटचा भाग मुलांना अवघड जातो, त्यासाठी ऑगस्टमध्ये एखाद्या प्राध्यापकाला गटागटाबरोबर तासभर बसवा. मांडणी मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी, कशातही चालेल. शेजारचा मित्र दोन वाक्यांत सार सांगेल. बक्षीस नाही, क्रमांक नाही. क्रमांक आले की मुलं एकमेकांचं ऐकायचं सोडतात.

दुपारी वस्तीतली माणसं बोलतात आणि मुलं ऐकतात. इथे खुर्च्या गोलात लावा. मंचावर बसवलेली विडी कामगार ‘सगळं बरं आहे’ म्हणून मोकळी होते. चार-पाच जणींच्या गोलात ती साहेबांची नक्कल करून दाखवते. निवेदकाने मध्ये मध्ये ‘खूपच प्रेरणादायी’ म्हणायचं नाही, एवढी ताकीद द्या.

जेवण साधं ठेवा. भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी, दही आणि भात. प्लॅस्टिकचे ग्लास-ताटल्या नकोत, मुलांनी घरून ताट-पेला आणावा. हात धुवायच्या जागी पाणी पुरेल का हे आदल्या दिवशी बघा, टँकर सांगून ठेवा. पाण्यावर परिषद आणि बेसिनला पाणी नाही, ही बातमी फार लवकर पसरते.

संध्याकाळी साडेचारला संपवा. बाहेरगावच्या मुलींना एसटी गाठायची असते आणि घरच्यांनी त्यावरच परवानगी दिलेली असते. मुक्कामी राहणाऱ्यांसाठी मुलींची सोय वसतिगृहात, सोबत शिक्षिका. १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या पालकांची सही, फोटोच्या परवानगीसह, आधी घेतलेली असावी. प्रथमोपचार पेटी, १०८ (रुग्णवाहिका) आणि १०९८ (चाइल्डलाइन) हे क्रमांक भिंतीवर, आणि तक्रार करायची तर कोणत्या मॅडमकडे जायचं ते सकाळीच जाहीर करा.

दुसऱ्या दिवशी ठराव. ‘ही परिषद जागतिक शांततेचं आवाहन करते’ असले ठराव सरळ बाद करा. ठरावात कोण करणार, काय करणार, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाकडे, हे चारही असेल तरच तो वाचला जाईल. उदाहरणार्थ: अमुक कॉलेजचा गट अमुक पेठेतल्या पाण्याच्या वेळांच्या नोंदी १५ ऑक्टोबरपर्यंत महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी देईल आणि पोच घेईल. माहिती हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवसांची. तो सज्ञान विद्यार्थ्याच्या किंवा शिक्षकाच्या नावाने टाका. चार-पाच ठराव झाले तरी खूप झाले. दुपारच्या खुल्या सत्राला अधिकारी, नगरसेवक, पत्रकार यांना बोलवा, पण त्यांचं भाषण नको. मुलं ठराव वाचतील आणि पाहुणे प्रत्येक ठरावावर दोन मिनिटांत ‘हे होईल, हे होणार नाही, कारण असं’ एवढंच सांगतील. हे त्यांना पत्रातच कळवा. काहीजण यायचं टाळतील. जे येतात ते तयारीने येतात.

परिषदेनंतर

पहिल्या आठवड्यात हिशेब नोटीस बोर्डावर लावा, पावत्यांच्या झेरॉक्ससह. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक गट आपल्या वस्तीत परत जातो आणि काय सापडलं ते सांगतो. यासाठी जाड अहवाल नको. एका कागदावर मोठ्या अक्षरात, मराठीत आणि त्या वस्तीच्या भाषेत, चार-पाच ओळी आणि एखादा आलेख. किराणा दुकानाच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर तो चिकटवा. लोक चुका काढतील, ‘आमच्याकडे पहाटे तीनला येतं पाणी, तुम्ही पाच लिहिलंय’ म्हणतील. त्या तिथल्या तिथे पेनाने दुरुस्त करा.

नोव्हेंबरात दिवाळीनंतर ठरावांची पोच घेऊन एक तासाची बैठक घ्या. जे झालं नाही त्यापुढे ‘झालं नाही’ असंच लिहा. शनिवारचे वाचनवर्ग परीक्षेच्या काळात बंद पडतात, म्हणून बारावी आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांनी ते सप्टेंबरअखेर अकरावी-प्रथम वर्षाच्या मुलांकडे सोपवलेले बरे. सोपवताना वही, वस्तीतल्या दोन-तीन माणसांची ओळख आणि समाजमंदिराची किल्ली कोणाकडे असते ही माहिती, तिन्ही हातात द्या.